शंभर ग्रॅम मेथी कुणी पाहिली आहे?

पालक जास्त पौष्टिक की मेथी, हा प्रश्न ज्या घरात निघतो त्या घरात नुकताच कुणाच्या तरी रक्ताचा रिपोर्ट आलेला असतो, हे खुशाल समजावं. धडधाकट माणसं भाजी खातात आणि हात धुतात. आमच्या माहेरी रिपोर्ट बाबांचा होता. हिमोग्लोबिन ११.४. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि जाता जाता म्हणाले, "पालेभाजी खात जा." कुठली, ते बोलले नाहीत. दुसऱ्या कुणाला एवढं पुरलं असतं. पण बाबांचा जन्म सरकारी ऑडिटमध्ये गेलेला, त्यांना 'पालेभाजी' हा शब्द मोघम वाटला. मोघम शेऱ्याखाली त्यांनी आयुष्यात सही केलेली नाही.

चाकवत, अंबाडी, करडई ही मंडळी त्यांनी 'हंगामी' म्हणून पहिल्या फेरीतच बाद केली. लाल माठाचा रंग शर्टावर पडतो, तोही गेला. डोंबिवलीच्या बाजारात बारा महिने हजर असणाऱ्या दोघीच उरल्या. निविदा दोन, काम एक. आईचं मत विचारलं तर ती म्हणाली, "जी स्वस्त असेल ती." हे मत नोंदवलं गेलं नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांची कोष्टकं प्रसिद्ध केली. ती माझ्या मुलानं आजोबांना इंटरनेटवरून काढून दिली, आणि बाबांनी खाली झेरॉक्सवाल्याकडे जाऊन छापून आणली, कारण पडद्यावरच्या आकड्याला लाल पेन लावता येत नाही. निकाल एकतर्फी होता. शंभर ग्रॅम मेथीच्या पानांत लोह ५.६९ मिलिग्रॅम, पालकात २.९५. कॅल्शियम मेथीत २७४, पालकात ८२. प्रथिनांतही मेथी पुढे. शेवटी ती डाळी-शेंगांच्या कुळातली, घरचे संस्कार दिसणारच. 'क' जीवनसत्त्व जवळजवळ दुप्पट. पालकानं फोलेटमध्ये तेवढी लाज राखली. बाकी त्याच्या शंभर ग्रॅमांतलं नव्वद ग्रॅम तर पाणीच. "पाण्याचे पैसे घेतो हा!" बाबा म्हणाले. आमच्या इमारतीत टँकर येतो, त्यामुळे हा मुद्दा त्यांना जास्तच लागला.

मग पालकाचा एवढा बोलबाला कशामुळे? पोपायमुळे, हे मुलगा सांगणार तेवढ्यात बाबांनीच सांगितलं. १९२९ साली सीगर नावाच्या अमेरिकन चित्रकारानं हा खलाशी कागदावर आणला, आणि पुढे डबा फोडून पालक तोंडात ओतला की त्याचे दंड फुगायला लागले. टेक्सासात क्रिस्टल सिटी नावाचं पालक पिकवणारं गाव आहे, तिथं तर १९३७ साली त्याचा पुतळा बसवला. भाजीच्या जाहिरातीबद्दल पुतळा! आपल्याकडे इतकी वर्षं कांदा पिकतोय, पण अजून कुणाचा अर्धपुतळासुद्धा नाही.

बाबांना यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट दशांश चिन्हाची. म्हणे एकोणिसाव्या शतकात कुणा जर्मन शास्त्रज्ञानं पालकातलं लोह मोजताना दशांश चिन्ह एक घर सरकवलं आणि आकडा दसपट झाला. "बघा, ऑडिट नसलं की काय होतं!" ही गोष्ट त्यांनी जिन्यात भेटेल त्याला सांगितली. शेवटी नातवानंच फुगा फोडला. दशांशाच्या त्या चुकीचा पुरावा आजवर सापडलेला नाही, आणि १९३२ च्या एका चित्रपट्टीत पोपाय पालक खातो तो 'ए' जीवनसत्त्वासाठी, लोहाचं नावही काढत नाही. दोन दिवस बाबा नातवाशी जेवढ्यास तेवढं बोलत होते.

त्यांचं समाधान झालं ते घरच्याच कपाटात. माझं गृहविज्ञानाचं जुनं पाठ्यपुस्तक निघालं. त्यात सी. गोपालन आणि सहकाऱ्यांच्या जुन्या कोष्टकातला आकडा होता: पालक, लोह १०.९. त्याच कोष्टकाच्या पुढच्या सुधारित आवृत्तीत तो झाला १.१४. आणि २०१७ मध्ये २.९५. बाबांनी तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि चष्मा काढून माझ्याकडे असं पाहिलं की जणू अफरातफर मीच केली होती. मी समजावलं की वाण बदलतो, जमीन बदलते, मोजण्याच्या पद्धती बदलतात, आणि पान नीट धुतलं गेलं नाही तर चिकटलेल्या मातीतलं लोहही हिशेबात येतं.

"म्हणजे त्यांनी माती मोजली."

"काही वेळा तसं होतं."

"आणि आम्ही इतकी वर्षं ती खाल्ली."

यावर काय बोलणार.

पालकावरचा सगळ्यात कडक शेरा मात्र कॅल्शियमचा होता. पालकात ऑक्झॅलेट भरपूर. खाल्ल्यावर दात जरा खरखरीत लागतात, ते त्याचंच काम. हे ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे पालकातल्या कॅल्शियमचे शंभरातले जेमतेम पाच भाग अंगी लागतात. दुधातले तीसच्या आसपास लागतात. बाबांना हे एका क्षणात कळलं. "रक्कम मंजूर, पण वितरण नाही," ते म्हणाले, आणि समासात तसं लिहिलंही. मेथीत ऑक्झॅलेट त्या मानानं किरकोळ. मुतखड्याचा त्रास असलेल्याला डॉक्टर पालक बंद करायला सांगतात आणि मेथीबद्दल सहसा काही बोलत नाहीत, ते एवढ्यासाठीच.

मेथीची निविदा मंजूर झाली. अडचण इथून पुढे सुरू झाली.

कोष्टकातला प्रत्येक आकडा शंभर ग्रॅमांचा, तोही खाण्याजोग्या भागाचा. बाजारात शंभर ग्रॅम मेथी कुणी पाहिली आहे? मेथी मिळते जुडीनं, आणि जुडीचं माप भाजीवाल्या मावशींची मूठ. पावसाळ्यात मूठ आवळते, थंडीत सैल होते. बाबांनी केकसाठी आणलेला डिजिटल काटा काढला. मुळं, माती आणि बांधलेला केळीचा सोप धरून जुडी भरली ४२० ग्रॅम. मुळं छाटली, पिवळी पानं काढली, जाड काड्या मोडल्या. परातीत उरले १६५. घट साठ टक्क्यांच्या वर. सरकारी गोदामात एवढी घट दाखवली असती तर चौकशी लागली असती.

काड्यांवरून खरी जुंपली. आई कोवळ्या काड्या पानांबरोबर घेते, तिची आईही घ्यायची.

"अगं, कोष्टकात 'पानं' लिहिलंय."

"मग कोष्टकालाच निवडायला बसवा."

बाबा वाकून बघायला गेले, तर जाड काड्या ज्या कागदावर पडत होत्या तो कोष्टकाचाच पान क्रमांक दोन होता. आई म्हणाली, "एका बाजूनं कोरा होता."

मुंबईकडच्या समुद्रमेथीचा प्रश्न तर सोडूनच दिला. वाळूत वाढवलेल्या त्या बोटभर जुड्या, पांढरीशुभ्र मुळं, दोन-दोन पानं. चवीला अप्रतिम, आणि कितीही धुतली तरी एखादा कण दाताखाली येतोच. तो खनिजात धरायचा की नाही, यावर कोष्टक गप्प आहे.

पुढे कढई. परातीबाहेर सांडणारा तो हिरवा ढीग लसूण-मिरचीच्या फोडणीत पडला, झाकण ठेवलं, काढलं, आणि बुडाशी वाटीभर भाजी. माणसं चार. बाबांनी भागाकार केला: माणशी एक्केचाळीस ग्रॅम पानं, म्हणजे लोह सुमारे २.३ मिलिग्रॅम. पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम हवं, असं त्याच हैदराबादच्या संस्थेचं २०२० चं सांगणं. बायकांना तर २९. निव्वळ मेथीवर १९ गाठायचे तर एकट्या बाबांना रोज दोन जुड्या, वर थोडी. पालकावर गाठायचे तर साडेसहाशे ग्रॅम.

"गोठ्यातच राहायला जा," आई म्हणाली. "मी चारा घेऊन येईन."

शिवाय ताटात वाढलेलं सगळं पोटात जातंच असं नाही. माझा मुलगा मेथीच्या पराठ्यातून मेथी अशा नजाकतीनं वेगळी करतो की पुढे शल्यविशारद व्हायला हरकत नाही. पालकाचा पराठा तो निमूट खातो, कारण पालक वाटून कणकेत गेलेला असतो, काढणार काय? म्हणजे आमच्या घरातल्या एका माणसापुरता पालकाचा २.९५ मेथीच्या ५.६९ ला सहज हरवतो. ही नोंद बाबांनी 'संकीर्ण' या सदराखाली घातली.

एवढ्यात लग्नाची पत्रिका द्यायला मामेभाऊ आला. राहुरीला शेतीचं शिक्षण घेतलेला. ओट्यावरची पालकाची जुडी त्यानं उचलली, पान चुरगाळून वास घेतला आणि म्हणाला, "आतोबा, हा तुमच्या पोपायचा पालक नव्हेच." आपल्याकडे 'ऑलग्रीन', 'पुसा ज्योती' या नावांनी जो पालक पेरतात तो बीटाच्या जातीतला, गड्डा न धरता नुसता पाला देणारा. पोपायचा तो विलायती पालक. कूळ एक, पण वनस्पती वेगळी. बाबांनी कोष्टकावर बोट ठेवलं. तिथं विलायती पालकाचंच शास्त्रीय नाव होतं.

बाबांनी पेनाचं टोपण लावलं. चौकशी पूर्ण झाली होती आणि आरोपी भलताच निघाला होता.

"लोह हवंय ना तुम्हाला?" मामेभाऊ म्हणाला. "आत्या भाजी कशात करते?"

कढई लोखंडी होती, आजीच्या वेळची. तिच्यात शिजलेल्या भाजीत लोह उतरतं, टोमॅटोसारखं आंबट काही पडलं तर आणखी उतरतं. भाजीवर लिंबू पिळलं की 'क' जीवनसत्त्वामुळे ते अंगीही जास्त लागतं. मग भाजी मेथीची असो की त्या तोतया पालकाची. आईनं काही न बोलता ताटात लिंबाची फोड वाढली. तिचा विजय एवढ्यातच मावतो.

"फक्त एक पाळा," मामेभाऊ म्हणाला. "जेवणावर लगेच चहा नको. चहातली टॅनिनं भाजीतलं लोह नीट शोषू देत नाहीत. तासभर तरी जाऊ द्या."

स्वयंपाकघरात शांतता पसरली. बाबांचा जेवणानंतरचा चहा हा आमच्या घरात त्यांच्या लग्नाआधीपासूनचा आहे. आधण गॅसवर होतंच. आईनं बाबांकडे पाहिलं, मी पाहिलं, नातवानं तर खुर्ची वळवून पाहिलं. बाबांनी फाईल मिटली, वर रबर चढवलं आणि कपाकडे हात केला.

"हा तौलनिक अभ्यास भाज्यांचा होता," ते म्हणाले. "चहा भाजीत मोडत नाही."