अण्णांची स्किप्टनची सहल

अहो वहिनी, इकडे या जरा, जास्वंदीच्या बाजूनं. ऐकलंत का? अण्णा-काकू लीड्सहून आले ते तुम्हाला माहितीच आहे, बॅगा उतरताना आपण दोघीही खिडकीत होतो. पण स्किप्टनला काय झालं ते काकू कुणालाच सांगत नाहीयेत. विचारलं की एकच, "गाव छान होतं, थंडी फार होती." थंडी म्हणे! मला त्यांच्या विहीणबाईंनी भजनी मंडळात सगळं सांगितलं, पेटी बंद झाल्या झाल्या.

गावभागातल्या वाड्याचं तुम्हाला ठाऊकच आहे. बिल्डर तयार, अण्णा तयार, अडलंय कुठं तर आक्कांच्या सहीवर. हक्कसोडपत्र! 2005 च्या कायद्यानंतर लेकीचाही सारखा हिस्सा, मग सही लागणारच की. आणि आक्का बसल्यात ब्रॅडफर्डला मुलाकडे. म्हणून अण्णांनी टूम काढली, आक्काला एक दिवस छान फिरवून आणू, दिवाळीला सांगलीत आली की सही करून टाकेल. आता बहिणीचं एवढं प्रेम कधी उतू गेलं होतं सांगा... जाऊ दे, मी कशाला बोलू.

तर लीड्सहून ट्रेननं पाऊण तास. मुलगा, सूनबाई, नात, अण्णा-काकू आणि आक्का. कालव्याकाठचं गाव म्हटल्यावर काकूंच्या डोळ्यापुढं आपला म्हैसाळचा कालवा, ऊस आणि पाण्याची पाळी! तिथं कालवा म्हणजे नावांचा रस्ता हो. लीड्स ते लिव्हरपूल, 127 मैल. 1770 ला खणायला घेतला तो 1816 ला पुरा झाला. शेहेचाळीस वर्षं! आणि आपण म्हैसाळला नावं ठेवतो. स्किप्टनचा तुकडा मात्र 1773 लाच चालू झाला. कोळसा, चुनखडी, सगळं त्यातून जायचं. आता अरुंद, लांबलचक रंगीत नावा, त्यावर फुलांच्या कुंड्या, आणि माणसं चक्क आत राहतात. ताशी चार मैलांवर जायचं नाही असा नियम. सूनबाईंनी अर्ध्या तासाच्या फेरीची तिकिटं आधीच काढलेली.

पण नावेपर्यंत पोचतायत कुठले? कालव्याच्या धक्क्याजवळच फ्रेड ट्रूमनचा पुतळा! ब्राँझचा, बोलिंग टाकतानाचा. अण्णा थबकलेच. तो ट्रूमन हो, 1952 चा, लीड्सचीच टेस्ट, त्याची पहिलीच. आपली दुसरी इनिंग, बोर्डावर शून्य आणि चार आऊट! पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री, विजय मांजरेकर. मंत्री म्हणजे गावसकरचे मामा. आणि मांजरेकरांनी पहिल्या इनिंगमध्ये 133 काढलेले, तरी दुसऱ्यांदा पहिल्याच चेंडूवर घरी. चारातले तीन या ट्रूमनचे, एक बेडसरचा. वर कप्तान कोण, तर आपल्या सांगलीत जन्मलेले विजय हजारे. अण्णांच्या वडिलांनी त्या रात्री जेवण सोडलं होतं म्हणे. अण्णा पुतळ्याला हातवारे करून सुनावतायत, बाकावरचा एक गोरा म्हातारा कौतुकानं मान डोलावतोय, सूनबाई घड्याळ बघतायत. नाव गेली निघून!

आणि तेव्हा आक्का बोलल्या. अगदी हळू हं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अण्णा, सत्तर वर्षांपूर्वीच्या विकेटी बरोब्बर लक्षात आहेत तुझ्या. आईच्या पाटल्या कुठं गेल्या ते तेवढं आठवत नाही होय?"

काकूंचा चेहरा असा उतरला म्हणता... पाटल्या कुणाच्या हातात आहेत ते साऱ्या विश्रामबागेला माहीत आहे. त्यांनी लगेच बाही खाली ओढली. थंडी वाजली ती तेव्हा!

मुलानं बिचाऱ्यानं पुढच्या नावेची तिकिटं काढली. फेरी झाली, पण बोललं कुणी नाही. बदकं मोजली म्हणे सगळ्यांनी.

तर काय सांगत होते... हां, किल्ला. बाजारपेठेच्या वरच्या टोकाला किल्ला आहे, नऊशे वर्षांचा. राजा आणि पार्लमेंटची लढाई चालली होती तेव्हा तीन वर्षं वेढा सोसला, 1645 च्या डिसेंबरात शरण आला. अण्णा म्हणाले, इथं तरी भांडणाचा विषय नको. आणि नेमकं त्यांच्या नातीनं शाळेत लेडी अ‍ॅन क्लिफर्डवर प्रोजेक्ट केलेलं! चौकात सदाहरित यूचं मोठं झाड आहे, 1659 ला त्या बाईनं लावलेलं. आक्का त्याखाली टेकल्या आणि पोरगी सुरू झाली.

ऐका हं. या अ‍ॅनचा जन्म याच किल्ल्यातला, 1590 चा. बापाला वारस ही एकटीच लेक उरलेली. 1605 मध्ये बाप वारला आणि मृत्युपत्र उघडलं तर इस्टेट सगळी त्याच्या भावाच्या नावावर, लेकीला 15,000 पौंड. पंधरा वर्षांची पोर! आईनं तिच्यासाठी खटला लावला. नवरा म्हणतो, पैसे घे आणि सोडून दे. त्याला पैसेच हवे होते, जुगारी मेला. ती ऐकेना म्हणून लहान लेकीला तिच्यापासून दूर नेलं त्यानं. शेवटी 1617 ला खुद्द राजा जेम्सनं समोर बोलावून सांगितलं, मी देईन तो निवाडा मान्य कर. बाई राजाला म्हणाली, नाही. नाही म्हणजे नाहीच! निवाडा विरुद्ध गेला, तरी हिनं कबुली दिली नाही. मग काका गेला, चुलतभाऊ गेला, त्याला मुलगा नव्हता. 1643 ला सगळी इस्टेट हिची. त्रेपन्नाव्या वर्षी! पडका किल्ला बाईनं पुन्हा उभा केला आणि हे झाड लावलं.

नात म्हणाली, "आजोबा, तिचे बाबा किती अनफेअर होते ना?"

अण्णा जोड्याची नाडी बांधायला वाकले. विहीणबाई म्हणतात, त्यांच्या जोड्याला नाडीच नाही!

आणि आक्का? त्यांनी पोरीच्या पाठीवरून हात फिरवला. "म्हणजे अडतीस वर्षं सही केली नाही होय हिनं? शहाणी बाई." एवढंच. मग पर्समधून चीज आणि कांद्याचा पाय काढला, सकाळी बाजारात घेतलेला, आणि सावकाश संपवला. कुणाला "घ्या" म्हणून विचारलंही नाही.

परतीच्या ट्रेनमध्ये अण्णांनी डोळे मिटून घेतले. झोपले नव्हते, पापण्या हलत होत्या असं सूनबाईंनी स्वतः आईला सांगितलंय. खरं सांगू? चूक सूनबाईंचीही नाही आणि नातीची तर मुळीच नाही. सही हवी होती तर पाटल्या आधी परत करायच्या, मग गावं दाखवायची. बहिणीला काय बदकं दाखवून गप्प बसवतात?

आता ताजी बातमी. आक्का दिवाळीला येतायत खऱ्या, पण उतरणार अण्णांकडे नाही. मिरजेला मावसबहिणीकडे. आणि त्या मावसबहिणीचे जावई कोण? अहो, दिवाणी वकील! बिल्डरचा माणूस काल दोनदा येऊन गेला, अण्णा बाथरूममध्ये आहेत असं सांगितलं त्याला. दोन्ही वेळा बाथरूममध्ये...

बरं, चला, माझा कुकर लावायचाय. वहिनी, तुमच्या सासऱ्यांच्या कुपवाडच्या प्लॉटवर नणंदबाईंची सही झाली का हो? नाही झाली? मग त्या आल्या की ही लेडी अ‍ॅनची गोष्ट त्यांच्यासमोर काढू नका बरं का.