चौथ्या नंबरचा माणूस

मे महिना लागला की चेन्नईतल्या मराठी माणसाला दोन गोष्टींचा त्रास सुरू होतो. एक घामोळं, आणि दुसरा 'ॲडमिशनचं जरा विचारायचं होतं' असा फोन. घामोळ्यावर पावडर मिळते.

यंदाचा फोन कोल्हापूरच्या वहिनींचा. "भाऊजी, पोराचा गेटचा स्कोअर बरा आलाय. एम.टेक.ला तुमचं मद्रास घ्यावं का? पहिला नंबर आहे म्हणे."

"कशात करायचंय त्याला एम.टेक.?"

"ते तो बघंल की. तुम्ही नंबराचं सांगा."

नंबराचं सांगतो. केंद्र सरकारची एनआयआरएफ नावाची क्रमवारी २०१६ पासून निघते. इंजिनिअरिंगमध्ये २०२५ पर्यंत दहाच्या दहा वेळा आयआयटी मद्रास पहिली. सगळ्या प्रकारच्या संस्थांच्या एकत्रित यादीतही २०१९ पासून सलग सात वेळा पहिली. आयआयटीशेजारच्या अडयारकरांना त्याचं आता काही वाटत नाही, आणि कॅम्पसमधली हरणं तर निकालाच्या दिवशीही मान वर करत नाहीत. हीच संस्था क्यूएसच्या २०२६ च्या जागतिक यादीत १८० वी. टाइम्स हायर एज्युकेशनच्या यादीवर २०२० साली सात जुन्या आयआयटींनी बहिष्कार टाकला, कारण गुण कसे देता ते नीट कळत नाही. त्या सातांत मद्रास होतीच. म्हणजे एका लग्नात मानाच्या पाटावर, दुसऱ्यात पंगतीच्या टोकाला आणि तिसऱ्यात रुसून जानवशावर. पाहुणा मात्र एकच.

हे गुण येतात कुठून? एनआयआरएफमध्ये शिकवणं आणि साधनं यांना ३० टक्के, संशोधनाला ३०, विद्यार्थी पास होऊन पुढं काय करतात याला २०, सर्वसमावेशकतेला १० आणि उरलेले १० 'पर्सेप्शन'ला. पर्सेप्शन म्हणजे लोक काय म्हणतात ते. आणि लोक काय म्हणतात? मागच्या वर्षीची क्रमवारी बघून जे म्हणायचं ते. पिठाच्या गिरणीत पीठच दळायला टाकल्यासारखं.

बरं, ही माहिती भरतं कोण? ज्याची परीक्षा आहे तोच. संस्थांनी स्वतः दिलेले आकडे पुरेसे तपासले जात नाहीत, अशी तक्रार घेऊन एक जण थेट मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापर्यंत गेला, आणि मार्च २०२५ मध्ये क्रमवारी जाहीर करण्याला तात्पुरती स्थगिती मिळाली. पुढं ती उठली, सप्टेंबरात यादी आली, पेढे वाटले गेले. याबाबतीत आपण मागासलेले आहोत असंही नाही. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठ यूएस न्यूजच्या यादीत दुसरं होतं. त्यांच्याच गणिताच्या एका प्राध्यापकानं आकडे तपासले, ते जुळेनात, आणि २०२२ मध्ये कोलंबिया एकदम अठराव्या नंबरावर. त्या वर्षभरात तिथले वर्ग बदलले नव्हते, ग्रंथालय बदललं नव्हतं, फीसुद्धा उतरली नाही. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातल्या बिझनेस स्कूलचे माजी डीन तर क्रमवारीसाठी खोटे आकडे दिल्यापायी १४ महिन्यांच्या कैदेची शिक्षा घेऊन बसले. कॉपी करताना हेडमास्तरच सापडले.

तरी नंबर अगदीच कुचकामी, असं वहिनींना सांगितलं तर ते खोटं होईल. कंपन्या कॅम्पसवर येतात त्या नाव बघूनच. ब्रिटननं २०२२ पासून एक व्हिसाच असा काढलाय की क्रमवारीतल्या वरच्या परदेशी विद्यापीठांचा पदवीधर असलात तर या. आणि आपल्या महाराष्ट्र सरकारची अनुसूचित जातींच्या मुलांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती घ्या. ती हवी तर विद्यापीठ क्यूएसच्या ठरावीक क्रमांकाच्या आत हवं. श्रीमंताचं पोरगं आवडीच्या विषयासाठी यादीबाहेरच्या विद्यापीठात खुशाल जाईल. शिष्यवृत्तीवाल्यानं मात्र आधी नंबर बघायचा, मग विषय. क्रमवारीची खरी सक्ती कुणावर आहे ते यावरून दिसतं, आणि ते मला अजिबात आवडत नाही.

आमच्या पुतण्याला अशी सक्ती नाही. म्हणून वहिनींना परत विचारलं, विषय कुठला? शेवटी पोरगं स्वतः फोनवर आलं आणि हळूच म्हणालं, "काका, चामडं." कोल्हापूरचंच ते, चपलांच्या गल्लीतून शाळेत गेलेलं. आता बघा गंमत. पहिल्या नंबरच्या आयआयटीत चर्मतंत्रज्ञानाचा विभागच नाही. सरदार पटेल रस्त्यावर, तिच्यापासून हाकेच्या अंतरावर, १९४८ सालची केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे, आणि अण्णा विद्यापीठ तिच्या साथीनं हा विषय शिकवतं. वहिनींचा नंबर रस्त्याच्या एका बाजूला आणि पोराचा विषय दुसऱ्या बाजूला.

पदवीपर्यंत कॉलेजचं नाव चालतं. चाळीस विषय, चाळीस मास्तर, सरासरी निघते. त्याच्या पुढं सरासरी उपयोगाची नाही. तिथं एक गाईड, एक लॅब आणि तुमची दोन ते पाच वर्षं. गाईड मेलला उत्तर देतो का, लॅबमधलं यंत्र चालू आहे की दुरुस्तीच्या चिठ्ठीसकट उभं आहे, मागचा विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडला, यातलं काहीही त्या नंबरावरून कळत नाही.

नंबराचं वेड आम्हा मराठी लोकांना मात्र जुनंच. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले, सीनिअर रँग्लर झाले, आणि आपण ती पदवी त्यांच्या नावाच्या पुढं कायमची चिकटवली. त्याच्या आदल्या वर्षी, १८९८ मध्ये, त्याच परीक्षेत गणितज्ञ जी. एच. हार्डी चौथे आले होते.

१९१३ साली मद्रास पोर्ट ट्रस्टमधला एक कारकून केंब्रिजला पत्रं पाठवत होता. पगार महिना ३० रुपये. शहरातल्या पच्चयप्पा कॉलेजातून एफ.ए.ला नापास. चरित्रकार सांगतात की या कारकुनानं, म्हणजे रामानुजननं, हार्डींच्या आधी बेकर आणि हॉब्सन या दोघांना लिहिलं होतं. दोघंही आपापल्या वर्षीचे सीनिअर रँग्लर. त्यांच्याकडून काही झालं नाही. पत्रातली गणिताची सूत्रं रात्रीपर्यंत घेऊन बसला तो चौथ्या नंबरचा माणूस. १७ मार्च १९१४ ला रामानुजन मद्रासहून बोटीत बसला तो हार्डींकडे जायला. केंब्रिज त्या वर्षी कितवं होतं हे त्यानं कुणाला विचारल्याचं ऐकिवात नाही. केंब्रिजनं तर रँग्लरांची नंबरवार यादी १९०९ नंतर बंदच केली, आणि ती बंद पाडणाऱ्यांत हार्डीही होते.

हे सगळं वहिनींना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "ते खरं हो भाऊजी, पण पाव्हण्यांना सांगायला चामडं कसं वाटतंय?"

तेव्हा पाव्हण्यांचं पाव्हणे बघतील. ज्यांच्या घरात यंदा असा फॉर्म उघडा पडलाय त्यांनी एवढं करावं: यादी मिटावी, गाईडच्या हाताखालून बाहेर पडलेल्या दोन विद्यार्थ्यांना शोधून फोन लावावा आणि पोराला अर्धा तास त्यांच्याशी बोलू द्यावं. आणि त्या वेळेत आपण खोलीबाहेर बसावं.