पट्टा नको, स्टँड द्या

चाकण असो की बुटीबोरी, मोठ्या कारखान्याच्या गेटवर सेफ्टी बोर्ड दिसतोच: अपघाताविना इतके दिवस. कुणाचं बोट कापलं की आकडा शून्यावर येतो. पण जमिनीवर ठेवलेल्या बिनमधून वर्षानुवर्षं कास्टिंग उचलून ज्याची कंबर कामातून गेली, त्याच्यासाठी बोर्डावरचा आकडा एकानेही मागे येत नाही. त्याच्या दुखापतीला तारीख नसते.

कायद्यालाही ती दिसत नाही. कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत सरकारला कळवायलाच हवेत असे २९ रोग होते. शिशाची विषबाधा होती, सिलिकोसिस होता, गोंगाटाने येणारा बहिरेपणा होता. कंबर, खांदा, मनगट यांचा पत्ता नव्हता. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही ही उणीव भरून काढली नाही. ज्याची नोंद नाही, त्यावर खर्च करायला कुठलीही कंपनी आपणहून पुढे येत नाही.

आणि कंपनीने मनावर घेतलंच, तर खरेदी ठरलेली. ऑफिसात महागड्या खुर्च्या, शॉपफ्लोअरवर कंबरपट्टे आणि भिंतीवर ‘गुडघ्यात वाका’चं पोस्टर. अमेरिकेच्या नायोश या सरकारी संशोधन संस्थेने १९९४मध्येच सांगितलं होतं, की पट्टा बांधल्याने धडधाकट कामगाराची दुखापत टळते याला पुरेसा पुरावा नाही. ‘नीट कसं उचलावं’ एवढंच शिकवूनही कंबरदुखी थांबत नाही, हे नंतरच्या संशोधनाने दाखवलं. थांबेल कशी? बिन जमिनीवरच आहे आणि टार्गेटही तेवढंच आहे.

नायोशच्या हिशोबात, सगळं मनासारखं जुळून आलं तर एका माणसाने उचलायच्या वजनाची मर्यादा २३ किलो आहे. म्हणजे ओझं अंगालगत हवं, कमरेपेक्षा फार खाली नको, उचलताना पिळा नको आणि उचलणं अधूनमधूनच हवं. यातलं एकेक बिघडलं की मर्यादा आणखी उतरते. आपल्या सिमेंटची गोणी ५० किलोची. क्विंटलभराचं पोतं पाठीवरून उतरवायला आपल्या हमालांना झगडावं लागलं. आता पन्नासवर थांबून चालणार नाही.

मग सुरुवात कुठून? विचारण्यापासून. माणसाच्या आकृतीचा एक कागद प्रत्येकाच्या हातात द्या आणि दुखतं तिथे खूण करायला सांगा. कागदावर नाव नको, फक्त कामाचं स्टेशन. कंत्राटी कामगारांना वगळू नका, कारण सगळ्यात जड काम त्यांच्याच वाट्याला येतं. एकाच स्टेशनच्या कागदांवर खुणा कमरेपाशी दाटल्या, तर दोष माणसांचा नाही, स्टेशनचा आहे.

मग त्या स्टेशनपाशी उभे राहा आणि बिन पूर्ण रिकामा होईपर्यंत हलू नका. वरचा थर सहज निघतो. तळाच्या थराला हात घालताना बिनची कड मांडीला अडते, गुडघे वाकायला जागाच उरत नाही, हात लांबवून कास्टिंग ओढावं लागतं आणि सगळा भार कमरेच्या खालच्या मणक्यांवर येतो. पोस्टरवरचा सल्ला इथे पाळताच येत नाही.

उपाय तुमच्या मेंटेनन्सच्या वेल्डरकडे आहे. अँगलचा स्टँड करून बिन उंच ठेवा. त्याची एक बाजू खाली पडणारी करा. जमलं तर खाली स्प्रिंगचा पाट द्या, म्हणजे माल कमी होईल तसा तळ वर येईल. काही महिन्यांनी तेच कागद पुन्हा भरून घ्या. खुणा कमी झाल्या नसतील, तर पुन्हा स्टेशनपाशी जा.

एक अट मात्र बिनशर्त पाळा. ‘दुखतंय’ म्हणणाऱ्या कंत्राटी कामगाराला दुसऱ्या दिवशी गेटवर अडवलंत, तर तुमचा कार्यक्रम तिथेच संपला. त्यानंतर एकही कागद खरा भरला जाणार नाही.

हे सगळं ज्या मॅनेजरला खर्च वाटतं, त्याने दुसरा हिशोबही मांडावा. चाळिशीत कंबर गेलेला माणूस घरी बसतो, तेव्हा त्याच्या उरलेल्या वीस वर्षांची मजुरी कोण भरतं? त्याची बायको चार घरची जास्तीची कामं धरून भरते, मुलगा शाळा सोडून भरतो. कारखान्याच्या ताळेबंदात तो खर्च येत नाही, म्हणून तो कारखान्याचा नाही असं होत नाही. तो तुमचाच आहे. स्टँड बनवा.