फ्रेममधल्या बोंबलांबद्दल

ड्रोनवाले साहेब,


परवाच्या रविवारी सातपाटीच्या किनाऱ्यावर तुम्ही माझ्या सासूबाईंना म्हणालात, "मावशी, हे बोंबील जरा बाजूला घेता का? फ्रेम खराब होतेय." वाऱ्यामुळे त्यांना ऐकू आलं नाही. मला आलं.

खरंच की! एवढा देखणा सूर्यास्त आणि मध्ये ही बोंबील वाळवायची वलांडी. साहेब, एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. दात बारीक, पण बोटं सोलून निघतात. पहाटेपासून घातलेल्या या जोड्या बाजूला घ्यायच्या म्हणजे नेमक्या कुठे? त्यापेक्षा सूर्यालाच सरकायला सांगितलं असतं, पण तोही आमच्याच कामावर होता.

रिकामी दृश्यं हवीत तर काळदुर्ग चढा. नाहीतर शिरगावचा किल्ला आहे; तो मराठ्यांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून घेतला. तिथे आता कुणी काही वाळत घालत नाही. केळव्याला सुरूची झाडं आहेत. खाली चिप्सची पाकिटं पडलेली असतात, तीही कुणाला तरी बाजूला घ्यायला सांगा.

आम्ही मध्ये येतो असं वाटणारे तुम्ही एकटे नाही म्हणा. २०२३ साली आमच्या पापलेटाला राज्यमासा केलं. पुढच्याच वर्षी, ३० ऑगस्टला, पालघरात वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. शहात्तर हजार कोटी रुपये आणि समुद्रात भराव! मासा राज्याचा, मग त्याचं पाणी कुणाचं? तिथे बोटी जातात, जाळी पडतात, घरं चालतात. वर्षानुवर्षं नको-नको म्हणून घसे बसले आमचे. कागदावर तो समुद्र मोकळी जागा आहे. मोकळी! कुणी मोकळी केली?

जाऊ दे, हे तुमच्यावर काढायला नको. चहाच्या टपरीवर तुम्ही सांगत होतात, घराची खिडकी उघडली की समोरच्यांचं स्वयंपाकघर दिसतं, मुलीने आकाश पाण्याला टेकलेलं पहिल्यांदाच पाहिलं. तेव्हा मला तुमची दया आली. तिला परत आणा, आणि ओहोटीला आणा. खाडी गाळाने भरलीय, घरी परतणाऱ्या बोटी भरतीची वाट बघत बाहेर ताटकळतात. तेही बघू दे तिला.

ड्रोन मात्र घरी ठेवा. परवा तो आमच्या न्हाणीवरून गेला, तेव्हा जाऊबाईंनी वल्हं उचललं होतं. त्यांचा नेम चांगला आहे.

कळावे,
सातपाटीची एक सून