अडकलेल्या काट्याची शास्त्रशुद्ध निगा

लो-कार्ब पथ्यावर दोन-चार महिने वजन झरझर उतरले आणि मग काटा एकाच आकड्यावर ठाण मांडून बसला, तर साधकाने खचू नये. आधी काट्याचा सेल बदलावा. आकडा तरीही तोच राहिला, तर दोष क्रमाने थायरॉइड, हवामान आणि आजोळकडची हाडे यांच्यावर ढकलावा. पोळी, भात आणि साखर हे तिन्ही आरोपी तडीपार झाल्यामुळे घरात आता गुन्हा घडूच शकत नाही, ही श्रद्धा मात्र प्राणपणाने जपावी. काटा जागच्या जागी राखण्याचे निम्मे काम ती एकटीच करते.

ते असे. कार्ब मोजणारा साधक बाकी काही मोजत नाही. एक ग्रॅम कर्बोदकात चार कॅलरी असतात, एक ग्रॅम चरबीत नऊ. पण तूप, काजू, पनीर हे ‘चालणारे’ पदार्थ असल्याने त्यांचा हिशेब ठेवणे कोतेपणाचे मानले जाते. दरम्यान शरीर मात्र चोख जमाखर्च ठेवते. अमेरिकी संशोधक केव्हिन हॉल यांच्या अभ्यासानुसार, घटलेल्या प्रत्येक किलोमागे रोजचा खर्च साधारण २० ते ३० कॅलरींनी कमी होतो आणि भूक सुमारे १०० कॅलरींनी वाढते. म्हणजे आठ किलो उतरवलेल्या माणसाची गरज दोनशेच्या आसपास घटते, तर भूक आठशेने वाढते. त्यातले दोनशे परत मिळवायला चाळीस ग्रॅम शेंगदाणे पुरतात, आणि तेवढे तर टीव्हीवरच्या बातम्या संपायच्या आत संपतात. एकादशीला साबुदाण्याची खिचडीही घ्यावी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. पण उपवासाचे ते पथ्यात मोजत नाहीत.

यावर साधक उसळून म्हणेल, ‘अहो, मी खातोच कुठे?’ हा आक्षेप जुना आहे आणि त्याची परीक्षाही झालेली आहे. कमी खाऊनही वजन हटत नाही अशी तक्रार असलेल्यांचे खाणे नीट मोजणारा एक अभ्यास १९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. त्यांची चयापचयाची गती ठीक होती. खाणे मात्र ते सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगत होते आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. त्यांना खोटारडे म्हणायचे कारण नाही, माणसाला घास आठवतात, चिमटी-चिमटीने तोंडात टाकलेले आठवत नाही. दुसरा आक्षेप अधिक विद्वान: ‘कार्बच नाहीत, म्हणजे इन्सुलिन कमी, मग चरबी साठेल कशी?’ तसे असते, तर चरबी टाळून भात खाणारे लोक बारीक झालेच नसते. २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ६०९ जणांना वर्षभर या दोन गटांत विभागून पाहिले. लो-कार्बवाल्यांचे सरासरी ६ किलो उतरले, कमी चरबीवाल्यांचे ५.३; हा फरक संख्याशास्त्राच्या हिशेबी नगण्य ठरला.

तेव्हा उपाय अगदीच बेचव आहे. पथ्य बदलायचे नाही. तेल-तूप चमच्याने मोजायचे, सुका मेवा वाटीत काढून डबा बंद करायचा, अंडी-मासळी-पनीर यांतली प्रथिने पुरेशी घ्यायची, स्नायूंना थोडे वजन उचलायला लावायचे. नाहीतर नव्या वजनावर समाधान मानायचे, तेही कमी यश नव्हे.

ज्यांना यातले काहीच मान्य नाही, त्यांच्यासाठी खात्रीचा मार्ग शिल्लक आहे. दिवाळीत फराळावर यथेच्छ ताव मारावा आणि नंतर पथ्याची नव्याने सुरुवात करावी. यकृत आणि स्नायूंतले जेमतेम अर्धा किलो ग्लायकोजेन दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून असते. कार्ब तोडताच ते दोन्ही आटतात आणि पहिल्या आठवड्यातच काटा दीड-दोन किलो खाली येतो. चरबी जागची हलत नाही, पण अभिनंदनाचे फोन येतात. हा प्रयोग दरवर्षी यशस्वी होतो.