गिरणी बघायला मँचेस्टर

नागपूरचे काका-काकू पोराकडे इंग्लंडला गेले की एखाद्या शनिवारी पोरगा त्यांना मँचेस्टरला नेतोच. तिथलं सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियम फुकट आहे, म्हणून तर आधी नेतो. जुन्या मागांचा खडखडाट ऐकून काकू कानांवर हात ठेवतात, काका मोबाईल काढतात आणि फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ पडतो : ‘बघा, इंग्रजांनी कसं जपून ठेवलं!’ त्याखाली अंगठ्यांची रांग लागते. त्यातल्या कोणाकोणाचे आजोबा नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर उठत होते, हे मात्र कोणी लिहीत नाही.

म्युझियम आहे १८३० सालच्या रेल्वे स्टेशनात. लगतच्या गोदामात कापसाच्या गाठी उतरत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, गुलामांनी वेचलेला कापूस येईनासा झाला आणि मँचेस्टरभोवतीच्या लँकेशायरला एकाएकी आपल्या हिंगणघाटचा, वऱ्हाडाचा पुळका आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, ती काही रामटेकच्या यात्रेकरूंची सोय म्हणून नाही.

मग जमशेटजी टाटांनी उलटा डाव टाकला. लँकेशायर डोळ्यांनी बघून आले आणि मुंबई सोडून गिरणी काढली नागपुरात. कापूस दारात, कोळसा वरोऱ्याला. जुम्मा तलावाजवळची जागा दलदलीची. ती भरायला पैसा मागितला तेव्हा एका सावकाराने हात वर केले. सोनं मातीत घालणाऱ्याला कोण कर्ज देणार? पुढे त्याच सावकाराने कबूल केलं म्हणतात, की या माणसाने माती घातली आणि सोनं काढलं. १ जानेवारी १८७७ रोजी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी असल्याची घोषणा दिल्ली दरबारात झाली, त्याच दिवशी इकडे एम्प्रेस मिल सुरू झाली. लँकेशायरवाले सूत कातायच्या जुन्या म्यूल यंत्रांना चिकटून बसले असताना इथे रिंग चात्या फिरू लागल्या. कामगारांसाठी १८८६ मध्ये पेन्शन फंड, १८९५ मध्ये अपघात भरपाई. म्युझियमला आणखी काय मसाला लागतो जी?

१९८६ मध्ये मिल सरकारी महामंडळाकडे गेली, २००२ मध्ये बंद पडली. त्या जागेवर आता मॉल आणि फ्लॅट आहेत. आपण काहीच जपलं नाही असं मात्र म्हणू नका. नाव जपलं. एम्प्रेस मॉल.

इंग्रजही काही साधुसंत नाहीत. मँचेस्टरच्या अँकोट्स भागातल्या मरेज् मिल्समध्ये फ्लॅटच झालेत. पण जुन्या विटांच्या आत. आपण विटाच मोकळ्या केल्या, कारण विटांना एफएसआय मिळत नाही.

शहरात बघायला काही नाही असंही नाही. अजब बंगला हे संग्रहालय १८६३ पासून आहे; भुसा भरलेले प्राणी पाहून नागपूरच्या पिढ्या मोठ्या झाल्या. गांधीसागरसमोर, म्हणजे मिलच्या जवळच, रमण विज्ञान केंद्र आहे. पोरं तिथे रांग लावून विज्ञान शिकतात आणि शेजारी सव्वाशे वर्षं जे यंत्रशास्त्र चाललं त्याच्या पार्किंगमधून घरी जातात. रेल्वेला तेवढी अक्कल सुचली : २००२ मध्येच, म्हणजे मिलला टाळं लागलं त्याच साली, मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय उघडलं. एकाच वर्षी एकाने इंजिन वाचवलं, दुसऱ्याने मिल घालवली.

विणकरांचा एकच ठेवा शहराने मनापासून सांभाळला, सावजी रस्सा. कोष्ट्यांच्या घरचा हा जहाल स्वयंपाक आज चौकाचौकात मिळतो. लोक डोळ्यांतून पाणी काढत खातात, आणि ते पाणी गिरणीसाठी आहे असा कोणाचाही गैरसमज होत नाही.

आता कोणी म्हणेल, मॉलमध्येच एक कोपरा द्या, माग मांडा, चालवून दाखवा. द्या ना! मँचेस्टरमध्ये माग चालवायला नवा माणूस शिकवावा लागतो. इथे शिकलेला माणूस गणेशपेठेच्या टपरीवर चहा पीत बसलाय. मिल बंद झाली तेव्हा पस्तिशीत होता, आज साठीच्या आसपास आहे. हात अजून चालतात, बोलावलं तर उद्या सकाळी पहिल्या पाळीला हजर होईल. मागाचं तेवढं बघा.