शांततेचा मुचलका

निवडणुकीच्या काळात शांतता कशी राखावी या प्रश्नावर आजवर जे जे उपाय योजले गेले, त्यांत सर्वांत परिणामकारक उपाय मुंबई महानगरपालिकेच्या बाबतीत आपल्या राज्ययंत्रणेने अनायासे शोधून काढला, आणि तो असा की निवडणूकच घेऊ नये. 7 मार्च 2022 रोजी नगरसेवकांची मुदत संपली, कारभार प्रशासकाच्या हाती गेला, आणि तेथून 15 जानेवारी 2026 पर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षे, 227 प्रभागांपैकी एकाही प्रभागात नगरसेवकपदासाठी मतदान होऊन कोणाचे डोके फुटले असे घडले नाही. सर्वोच्च न्यायालयाने अखेरची मुदत म्हणून 31 जानेवारी 2026 ही तारीख बांधून दिली नसती, तर हा शांतिपर्वाचा पाठ आणखी किती वर्षे चालला असता हे सांगणे कठीण आहे. याच शास्त्राची एक ग्रामीण शाखाही आहे. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या गावांनी पंचायतीच्या पदांचा चक्क लिलाव पुकारून कलहाचे मूळच उपटून टाकले होते. परंतु राज्य निवडणूक आयोगास ही अहिंसा मानवली नाही आणि 2021 च्या जानेवारीत त्याने त्या दोन्ही निवडणुका रद्द केल्या.

असो. निवडणूक लागलीच, तर मग बंदोबस्त आला. या बंदोबस्ताचा अभ्यास ज्यास करावयाचा असेल त्याने फार लांब न जाता परळ आणि दादर यांच्या मधोमध, हिंदमात्याच्या चौकात येऊन उभे राहावे. एका अंगास साड्यांची आणि ड्रेस मटेरियलची दुकाने, डोक्यावरून उड्डाणपूल, हाकेच्या अंतरावर केईएम रुग्णालय, आणि चोहोबाजूंनी उंच जमीन असल्यामुळे मधोमध पडलेली ती सुप्रसिद्ध बशी. वरच्या भागात पडलेले पाणी ज्याप्रमाणे उताराउताराने येऊन हिंदमात्याला साचते, त्याचप्रमाणे वरच्या मजल्यावर झालेली राजकीय भांडणेही वाहत वाहत येऊन येथेच तुंबतात. पाण्यासाठी महापालिकेने प्रमोद महाजन कलापार्क आणि परळचे सेंट झेवियर्स मैदान यांच्या पोटात प्रचंड टाक्या बांधल्या. भांडणांसाठी भोईवाड्याची कोठडी पूर्वीपासून आहेच. फरक एवढाच की ओहोटी लागली म्हणजे टाकीतले पाणी समुद्रात सोडून देता येते. कोठडीत साचलेल्या पोरांची नावे मात्र दफ्तरात कायमची राहतात.

निवडणूक जाहीर होताच पोलीस ठाण्यात जुनी दफ्तरे उघडतात आणि ज्याच्या नावावर मागल्या खेपेची एखादी झटापट आहे त्यास बोलावणे जाते. यास वस्तीत ‘चॅप्टर लागला’ असे म्हणतात. फौजदारी जाबत्याचे 107 वे कलम 2024 च्या जुलैपासून नव्या संहितेत 126 वे झाले, परंतु बाकड्यावर बसणारा मुलगा तोच राहिला. शांतता राखण्याचा मुचलका अधिकाऱ्यासमोर त्याच्याकडून लिहून घेतला जातो, आणि या शहरात तो अधिकारी म्हणजे बहुधा सहायक पोलीस आयुक्तच. परवानाधारकांची शस्त्रे जमा होतात, मद्याची दुकाने बंद होतात, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक मुके होतात, कोणाकोणास तडीपारीची नोटीस निघते. या तजविजी निरर्थक आहेत असे कोणी म्हणू नये. याच परळात 5 जून 1970 रोजी कम्युनिस्ट पक्षाचे आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या, आणि शिवसेनेचे वामनराव महाडिक थोड्या मतांनी निवडून येऊन त्या पक्षाचे पहिले आमदार झाले. ते रक्त ज्या वस्तीने पाहिले, तिच्यापुढे बंदोबस्ताची थट्टा करण्याचे धाडस कोणताही शहाणा लेखक करणार नाही.

थट्टा आहे ती निराळ्याच गोष्टीची. मतदानाच्या दिवशी शंभर मीटरांची ती चुन्याची रेषा पाहावी. रेषेपलीकडे प्रत्येक उमेदवाराचे एकेक टेबल मांडलेले असते आणि त्यावर मतदारयाद्यांचे गठ्ठे ठेवलेले असतात. दोन परस्परविरोधी टेबलांवर बसलेले तरुण बहुधा एकाच चाळीचे, एकाच गणेशोत्सव मंडळाचे, कित्येकदा एकाच जिन्याचे. एकाच्या यादीचे पान गहाळ झाले की तो शेजारच्या टेबलावर वाकून म्हातारीचा अनुक्रमांक विचारतो, आणि शेजारचा, चहाचा ग्लास बाजूस सारून, ‘भाग अठ्ठावीस, खोली तुझ्याच माळ्यावरची, मावशी, वर जा’ असे सांगून मोकळा होतो. तिकडे लालबागेत निवडणुकीचे साहित्य विकणाऱ्या दुकानात तर सर्व पक्षांचे झेंडे आणि उपरणी एकाच फळीवर गुण्यागोविंदाने नांदत असतात. म्हणजे शांतता या वस्तीस शिकवावी लागते असे मुळीच नाही. तिला ती मोडावयास कोणी तरी वरून शिकवतो.

आणि शिकवणारा स्वतः काय करतो? जून 2022 मध्ये एक पक्ष दुभंगला, जुलै 2023 मध्ये दुसरा. त्याआधी 2019 मध्ये जन्माचे वैरी एका मंत्रिमंडळात बसले होते, आणि त्यानंतर वीस वर्षांची भाऊबंदकी 2025 च्या जुलैत वरळीच्या एका व्यासपीठावर मिटली. यातील प्रत्येक तहनामा शांततेच्याच हिताचा होता, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती आमच्या त्या पोराची, ज्याने मागल्या निवडणुकीत समोरच्याचे पोस्टर फाडले, चॅप्टर ओढवून घेतला, आणि यंदा तेच पोस्टर, तोच चेहरा, पहाटे खळीचा डबा घेऊन नाक्यावर डकवला. पुढाऱ्यांचे मनोमीलन झाले त्या व्यासपीठावर त्याचा मुचलका रद्द करण्याचा ठराव मांडल्याचे आमच्या ऐकिवात नाही. 1985 च्या पक्षांतरबंदीच्या कायद्याने एकट्यादुकट्याने उडी मारणाऱ्या आमदारास शासन ठेवले आहे. दोन-तृतीयांशांनी मिळून पक्षाचे विलीनीकरण केले तर ते मात्र बिनदिक्कत चालते. रस्त्यावर जमाव जमवणे बेकायदा. विधिमंडळात मात्र जमाव पुरेसा मोठा असला की तो कायदेशीर! मंत्र्यांना साधणारा हा न्याय हिंदमात्याच्या फुटपाथवर लागू करून पाहावा, आणि मग कोणत्या ठाण्याची कोठडी पुरते ते सांगावे.

म्हणून राज्य निवडणूक आयोगापुढे एक नम्र अर्ज. पुढील निवडणुकीपूर्वी मुचलका घ्यावयाचाच असेल तर तो उमेदवारी अर्जासोबत उमेदवाराकडून आणि त्याला तिकीट देणाऱ्याकडून घ्यावा. त्यात असे लिहून घ्यावे की माझ्यासाठी ज्याने मार खाल्ला किंवा दिला, त्याची कोर्टाची तारीख संपेपर्यंत मी समोरच्या पक्षात जाणार नाही. आणि गेलोच, तर जाताना त्याचा वकील सोबत नेईन. कार्यकर्त्याकडून एका वर्षापर्यंतचा मुचलका घेता येतो; नगरसेवकाची मुदत पाच वर्षांची, तेव्हा हाही पाच वर्षांचा असावा. स्टॅम्पपेपरच्या खर्चाची आयोगाने चिंता करू नये. मिरवणूक आली की ज्यांना शटर खाली ओढावे लागते ते हिंदमात्याचे कापडवाले तो आनंदाने भरतील.